रथाचे सुटे भाग आणि क्षेत्रातील रोप

केस गळू लागलेल्या माणसापुढे आज शस्त्रक्रियेचा एक आणि शस्त्रक्रियेविना उपचारांचा दुसरा असे दोन मार्ग ठेवले जातात, आणि खर्च, वेदना, लागणारा काळ व मिळणारे फळ या कसोट्यांवर त्यांची तुलना केली जाते. ही तुलना आवश्यकच आहे. परंतु तिच्या तळाशी एक फार जुना प्रश्न पडून आहे आणि त्याचे उत्तर मनोमन गृहीत धरल्याशिवाय कोणीही या दोहोंतला एक मार्ग निवडू शकत नाही. तो प्रश्न असा की, देह ही भाग जोडून उभी केलेली वस्तू आहे, की पेरले जाणारे, पिकणारे आणि झडणारे शेत आहे? भारतीय विचारपरंपरेने देहासाठी ‘रथ’ आणि ‘क्षेत्र’ असे दोन्ही दृष्टान्त वापरले असून, केसांच्या उपचाराची निवड ही पुष्कळदा नकळत या दोन दृष्टान्तांमधली निवड असते.

पुणे–नाशिक महामार्गावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान असलेले कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीचे आहे, कारण येथे दोन्ही दृष्टान्त एकाच शिवारात नांदतात. चाकणचे नाव एका पिढीपूर्वी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी घेतले जाई. आज ते महिंद्रा, फोक्सवॅगन, बजाज यांच्या कारखान्यांसाठी आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य लहान-मोठ्या उद्योगांसाठी घेतले जाते. कांद्याचे रोप वाफ्यातून उपटून दुसऱ्या रानात लावणारे हात आणि जोडणीच्या पट्ट्यावर धुऱ्याला चाक बसवणारे हात एकाच घरात सापडतात. बाहेरगावाहून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारे तरुण कामगार केस गळण्याचा दोष बोअरच्या जड पाण्याला आणि दिवसभराच्या हेल्मेटला देतात. पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. परंतु कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून हळूहळू मागे सरकणारी रेषा आणि टाळूवर उमटणारे चकाकते वर्तुळ यांचे कारण पाण्यात नसून वंशपरंपरेत आणि शरीरातील संप्रेरकांत, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या संदेशवाहक द्रव्यांत, असते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विसावतो आणि गळतो. मग त्याच मुळातून, ज्याला केशकूप म्हणतात, नवा केस उगवतो. त्यामुळे दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नसून ती देहाची नित्याची पानगळ आहे. पुरुषी टकलात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे द्रव्य संवेदनशील केशकूपांना आक्रसत नेते; प्रत्येक फेऱ्यात उगवणारा केस आधीच्याहून आखूड, बारीक आणि फिकट होत जातो आणि शेवटी नुसती लव उरते. सुश्रुताने खालित्याचे, म्हणजे टक्कल पडण्याचे, जे वर्णन केले आहे त्यात पित्त वाताबरोबर रोमकूपात शिरून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ते कूप बुजवून टाकतो, म्हणून तेथे पुन्हा केस येत नाही. त्याचे त्रिदोषांचे शास्त्र आजच्या शास्त्राहून वेगळे आहे, परंतु केस पडणे आणि उगवण्याची जागा बुजणे या दोन वेगळ्या घटना आहेत हे त्याने नेमके ओळखले होते, आणि उपचारांची सगळी तुलना याच भेदावर उभी आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो की, नागसेन म्हणजे नेमके काय. आणि देहाच्या घटकांची यादी करताना त्याचा पहिला प्रश्न केसांविषयीचा असतो. डोक्यावरचे केस म्हणजे नागसेन काय? नागसेन नकार देतो. नखे, दात, त्वचा, अस्थी यांच्याविषयीही तो नकारच देतो आणि मग राजाला त्याच्या रथाविषयी प्रतिप्रश्न करतो. धुरा म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, सगळ्या भागांपलीकडेही रथ नावाची वेगळी वस्तू सापडत नाही; भाग एकत्र आले म्हणजे त्यांना ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव मिळते. केसांना यादीत पहिले स्थान मिळावे हा योगायोग नाही. बौद्ध परंपरेत प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, घेणाऱ्याला चिंतनासाठी जी पाच अंगे दिली जातात, त्यांचा क्रमही केस, लव, नखे, दात, त्वचा असा आहे. कारण माणूस दुसऱ्याला प्रथम पाहतो तो या पाच वरवरच्या गोष्टींतून, आणि त्यांनाच तो ‘मी’ समजून बसतो. कुरुळीपासून दूर नसलेल्या देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या धम्मपरंपरेत श्रामणेर होणारा मुलगा डोके भादरून घेतो तेव्हा तो याच विश्लेषणाचा पहिला धडा गिरवत असतो.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात युबुलिडीस या तार्किकाने टकलाचाच आधार घेऊन एक कूट रचले होते. एक केस गेल्याने कोणी टकला होत नाही. त्यानंतरचा आणखी एक गेल्यानेही होत नाही. मग माणूस टकला होतो तो कितव्या केसाला? हे कूट शब्दांचा खेळ नाही, कारण केशरोपणाचे सारे कौशल्य त्याच्याच आधाराने चालते. डोक्याच्या एखाद्या भागातील केस जवळजवळ निम्म्याने घटेपर्यंत पाहणाऱ्याला विरळपणा सहसा जाणवत नाही. गेलेले हजारो केस शल्यविशारद परत आणू शकत नाही. तो काही हजार केस अशा जागी आणि अशा घनतेने बसवतो की पाहणाऱ्याच्या तोंडचा ‘टकला’ हा शब्द मागे घेतला जावा. नागसेनाच्या भाषेत सांगायचे तर शस्त्रक्रिया द्रव्य वाढवत नाही. ती नाव बदलते. आणि नावाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, कारण नोकरीची मुलाखत आणि लग्नाची बोलणी या दोन्ही ठिकाणी माणसाला त्याच्या नावारूपावरूनच तोलले जाते.

तरीही रथाचा दृष्टान्त केसांच्या बाबतीत एका ठिकाणी फसतो. जोडणीच्या पट्ट्यावरील चाकाला ते कोणत्या पेटीतून आले याची आठवण नसते. केसाला मात्र असते. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ साली भाजल्यामुळे केस गेलेल्या रुग्णांवर केसासह त्वचेचे लहान गोल तुकडे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइच यांनी १९५९ मध्ये त्यामागचे तत्त्व सिद्ध करून मांडले. ते तत्त्व असे की, डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातील केस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला दाद देत नाहीत आणि ते कपाळावर नेऊन लावले तरी आपला हा मूळ स्वभाव सोडत नाहीत. याला दात्याचे, म्हणजे मूळ जागेचे, प्राबल्य म्हणतात. जागा बदलली तरी स्वभाव टिकतो, ही गोष्ट चाकाची नसून बियाण्याची आहे, आणि म्हणूनच येथे क्षेत्राचा दृष्टान्त जवळ करावा लागतो.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटले असून त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये या अध्यायावर लिहिताना हे शेत खरोखर कोणाचे, याविषयीचा वाद एखाद्या गावच्या जमिनीच्या तंट्यासारखा रंगवला आहे. कोणी म्हणतात शेत जीवाचे आणि प्राण हे त्याचे कूळ. कोणी ते प्रकृतीचे वतन मानतात. कोणी म्हणतात ते संकल्पातून उभे राहिले. कोणी त्याला स्वभावाचा खेळ समजतात. आणि काळवाद्यांच्या मते काळाखेरीज त्याला धनीच नाही. ज्या पट्ट्यात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या आणि सातबाऱ्यावरील नावांचा अर्थ घराघरांत कळला, तेथील वाचकाला या वादाचे मर्म फोड करून सांगावे लागत नाही. कसणारा आणि मालक हे एकच असतील असे नाही. माणूस आपला देह कसतो, त्यातले पीक राखतो, परंतु त्यावर कोणत्या वर्षी काय उगवेल याचा निर्णय त्याच्या हाती नसतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे केशरोपण ही लावणी ठरते. जुन्या पद्धतीत डोक्याच्या मागच्या बाजूची त्वचेची अरुंद पट्टी काढून तिच्यातील केशकूपांचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे केले जातात. तिला पट्टी-पद्धत म्हणता येईल आणि तिचा रेषेसारखा व्रण मागे राहतो. नव्या पद्धतीत एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या पोकळ पात्याने एकेक पुंजका सुटा काढतात, त्यामुळे रेषा न राहता बारीक ठिपके राहतात. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात, आणि असा प्रत्येक पुंजका कपाळावर पाडलेल्या सूक्ष्म छेदात, मूळच्या केसाचा कल सांभाळून, बसवावा लागतो. यानंतर जे घडते ते कांदा लावणाऱ्याला ओळखीचे वाटावे: लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतांशी गळून पडतात, रुग्ण धास्तावतो, आणि त्वचेखाली शाबूत राहिलेले मूळ तीन-चार महिन्यांनी नवा कोंब धरते, आणि पूर्ण फळ दिसायला वर्षभर लागते. रोपाने मान टाकली म्हणजे लावणी वाया गेली असे शेतकरी समजत नाही. सुटा भाग बसवून घेतल्याच्या समजुतीने आलेला माणूस मात्र याच काळात सर्वाधिक खचतो, आणि त्या खचण्याचे मूळ वैद्यकीय नसून त्याला दिल्या गेलेल्या चुकीच्या दृष्टान्तात असते.

लावणीला लागू असलेली दुसरी मर्यादाही येथे लागू होते. रोपवाटिका जेवढी, तेवढेच रान लावता येते; मागच्या भागातून काढलेले केशकूप तेथे पुन्हा उगवत नाहीत, ते फक्त स्थलांतरित होतात. आणि ज्या रानात लावणी झाली, त्या रानातील जुने, संवेदनशील केस गळायचे थांबत नाहीत. बाविशी-तेविशीत घाईने पुढची रेषा भरून घेतलेल्या तरुणाच्या डोक्यावर दहा वर्षांनी लावलेली रेषा जागच्या जागी राहून तिच्या मागचे रान ओसाड होऊ शकते, आणि तोवर रोपवाटिकाही आटलेली असते. म्हणून गळती स्थिरावल्याखेरीज शस्त्रक्रिया करू नये आणि केल्यानंतरही औषध चालू ठेवावे, असे जाणते शल्यविशारद सांगतात. ‘कायमचा उपाय’ हा जाहिरातीतला शब्द रोपलेल्या केसापुरता खरा आणि डोक्यापुरता खोटा आहे. आणि लग्न ठरण्याआधीच्या काही महिन्यांत अडकलेल्या तरुणापुढे तो शब्द उच्चारणे हे गंभीर अपराधाच्या जवळ जाणारे वर्तन आहे. मुंबईत २०१९ साली केशरोपणानंतर रुग्णाचा मृत्यू झाला होता, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाला २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले की हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांचेच आहे आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ते शिकता येत नाही.

शस्त्रक्रियेविना उपचारांत दोन औषधे मुख्य आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरचे औषध; ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसल्यावर त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची गोळी टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होणारे रूपांतर अडवते. टकलासाठी तिला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, थोड्या पुरुषांत तिचे कामेच्छेवर विपरीत परिणाम दिसतात, आणि गर्भवती स्त्रीला ती वर्ज्य आहे. दोन्ही औषधांचे फळ दिसायला महिने लागतात, आणि दोन्हींचा विशेष असा की ती थांबवली की राखलेले केस काही महिन्यांत पुन्हा गळू लागतात.

मीमांसकांनी कर्माचे जे भेद केले त्यांत नित्यकर्म ते, जे रोज करावे लागते, केल्याने वेगळे फळ मिळत नाही, परंतु न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. आणि काम्यकर्म ते, जे विशिष्ट फळाच्या इच्छेने करावे आणि फळ मिळताच संपवावे. केसांचा कोणताही उपचार इच्छेपोटीच होत असल्याने तो प्रारंभी काम्यच असतो. परंतु औषधाचा मार्ग धरणाऱ्याच्या लक्षात वर्षभरात येते की त्याचे काम्य हळूहळू नित्य झाले आहे: रोज लावल्याने काही नवे घडत नाही, न लावल्याने मात्र असलेले जाते. शस्त्रक्रियेचे आकर्षण नेमके यात आहे की ती काम्याला काम्यच ठेवण्याचे, म्हणजे एकदा करून मोकळे होण्याचे, आश्वासन देते. आणि वर पाहिल्याप्रमाणे ते आश्वासन अर्धेच पाळले जाते. या दोहोंत औषधाचा मार्ग देहाविषयी अधिक खरे बोलणारा आहे, असे म्हणावे लागते. तो अधिक प्रभावी आहे असा याचा अर्थ नाही. पूर्ण बुजलेल्या कूपाला औषध जागे करू शकत नाही आणि तेथे लावणीच हवी. परंतु देह राखावा लागतो, तो एकदाचा मिळवता येत नाही, ही गोष्ट औषधाची बाटली रोज सकाळी सांगते.

अन्य उपायांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातील प्लेटलेटयुक्त द्रव डोक्यात टोचण्याच्या उपचाराचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. टोप किंवा चिकटवलेला पॅच हा अलंकार आहे आणि अलंकार म्हणून त्यात गैर काही नाही. इस्लामी धर्मशास्त्राने दुसऱ्याचे केस आपल्या केसांत जोडणे निषिद्ध ठरवले, तर स्वतःच्याच डोक्यावरील केस स्वतःच्याच डोक्यावर लावणे अनेक आधुनिक धर्मपंडितांनी उपचार म्हणून मान्य केले. अलंकार आणि उपचार यांमधली ही रेषा इतर धर्मांच्या विचारकांनीही अभ्यासण्याजोगी आहे.

आता उरतो तो आक्षेप, जो आळंदीच्या सावलीत राहणाऱ्या समाजात हमखास घेतला जातो: नाशिवंत देहाच्या केसांसाठी एवढा खटाटोप म्हणजे मोह नव्हे काय? मुलाचे जावळ, नवसाचे मुंडन, संन्याशाचे मुंडन, जैन मुनींचे स्वतःच्या हातांनी केस उपटण्याचे केशलोचन, या सर्वांत केस सोडणे हेच पुण्य मानले आहे. परंतु महाराष्ट्राच्याच इतिहासात याला दिलेले उत्तर आहे. विधवांचे केशवपनही धर्माच्या नावाने आणि वैराग्याच्या भाषेतच होत असे. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या केशवपनातील क्रौर्य मराठी वाचकासमोर ठेवले, आणि १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. वस्तरा तोच, डोके तसेच, केसही तसेच. एका ठिकाणी ते दान झाले आणि दुसऱ्या ठिकाणी लूट झाली, कारण पहिल्यात देणाऱ्याची इच्छा होती आणि दुसऱ्यात नव्हती. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातल्या गावांमध्ये स्त्री-पुरुष आणि मुले यांचे केस काही दिवसांत झडले; डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. त्या गावकऱ्यांना केस नश्वर असल्याचे सांगणे हा उपदेश ठरला नसता. तो अपमान ठरला असता. पुण्याजवळच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका वीट भाजणाऱ्या कारागिराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडवले आणि त्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापून आला. त्या नाकाला कोणी मोह म्हटले नाही. टक्कल हे कोणाचे क्रौर्य नव्हे, हे खरे. परंतु तेही न विचारता नेले जाते, आणि न विचारता गेलेल्या गोष्टीबद्दल वाटणारे दुःख खोटे नसते.

ज्ञानदेवांनी त्याच तेराव्या अध्यायात ज्ञान्याचे लक्षण सांगताना भर तारुण्यात आपल्या उद्याच्या म्हातारपणाचे चित्र मनासमोर उभे करणारा माणूस रंगवला आहे. तेथे तारुण्याचा तिरस्कार नाही. वय आहे तोवर सावध होण्याची ती तयारी आहे. केसांवर उपचार करून घेणाऱ्याने हे चित्र डोळ्यांआड केले तर मात्र उपचार त्याच्याकडून जे मागतो त्याचे मोल त्याला कळत नाही. आणि ते डोळ्यांपुढे ठेवून त्याने औषध लावले किंवा लावणी करून घेतली, तर त्यामुळे त्याच्या वैराग्याला कसलीच बाधा येत नाही.

इंद्रायणीच्या घाटावर दहाव्या दिवशी बापाच्या क्रियेला बसलेला मुलगा नाभिकापुढे डोके वाकवतो. ज्याने कपाळावर केस लावून घेतले आहेत आणि ज्याच्या जखमा भरून काही महिने लोटले आहेत, त्यालाही हे मुंडन करता येते. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, मूळ खाली राहते आणि लावलेला केस मूळच्या केसासारखाच महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने पुन्हा वर येतो. पॅच लावणाऱ्याला तो आधी उतरवून ठेवावा लागतो. आणि ज्याच्या डोक्यावर काढण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्याच्या डोक्याला पाणी लावून नाभिक वस्तरा नुसता फिरवतो, व क्रिया पुढे चालू राहते.